नंदुरबारची मिरची आणि पाचवी नस

दिवाळी जवळ आली की नंदुरबारच्या मिरचीची बातमी येते आणि ती बहुधा तीन गोष्टींत संपते: आवक किती, ओल्या लाल मिरचीला क्विंटलमागे भाव काय, आणि अवकाळी पावसाने किती माल भिजवला. बाजार समितीला एवढं पुरत असेल. पण ज्या बाजाराचं नाव गुंटूरच्या खालोखाल घेतलं जातं, त्याचा इतिहास एवढ्यावरच लिहिला तर त्यातली मुख्य गोष्ट सुटते. कापसाचा गुण धाग्याच्या लांबीत असतो, ज्वारीचा दाण्याच्या भरदारपणात. माणूस समोर असो वा नसो, तो मालात असतोच. मिरचीचं तसं नाही. तिच्यात असतं ते एक रंग नसलेलं, वास नसलेलं रसायन. त्याचं तिखट होतं ते माणसाच्या डोक्यात, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्या नसांपैकी पाचव्या जोडीत. शाळेच्या पुस्तकात या बारा जोड्यांना कर्परचेता म्हणतात. आपण साध्या भाषेत नसाच म्हणू. माझं म्हणणं असं, की नंदुरबारच्या मिरचीचा इतिहास या पाचव्या नसेच्या बाजूने वाचायला हवा. तसा वाचला तर मिरची इथे इतक्या सहज का रुजली तेही कळतं, आणि तिचं मोल आजवर कोण चुकतं करत आलं तेही.

शहराभोवतीच्या मोकळ्या रानात व्यापारी ओली मिरची पसरून वाळवतात, त्या जागेला पथारी म्हणतात. ऑक्टोबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत या पथाऱ्या लालभडक दिसतात. वाऱ्याच्या खालच्या अंगाला माणूस उभा राहिला की दोन-चार मिनिटांत डोक्यातल्या जवळजवळ साऱ्या नसा कामाला लागतात. पहिली नस वासाची. वाळत्या मिरचीचा गोडसर, गवतासारखा वास ती सांगते. दुसरी नजरेची, तो लाल रंग तिचा. पण डोळे चुरचुरतात, नाकात झोंबतं, ओठ भगभगतात, ही तक्रार पाचवीची. बाराही जोड्यांत ही सर्वांत जाड. मेंदूच्या खालच्या अंगाला, ज्याला सेतू म्हणतात त्याच्या कुशीतून ती निघते, कानाजवळच्या हाडाच्या टोकाशी एका खळग्यात तिची गाठ बसते, आणि तिथून तिच्या तीन शाखा होतात. वरची कपाळ, डोळ्याचं बुबुळ आणि नाकाचा वरचा भाग सांभाळते. मधली गाल, टाळू आणि वरचे दात. खालची जबडा, खालचे दात आणि जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग. पाचवीने खबर दिली की पापणी मिटण्याचा हुकूम सातवी देते, डोळ्यांत पाणी आणण्याचा आणि नाक वाहतं करण्याचाही तिचाच. घशाच्या मागच्या भिंतीची आग नववी कळवते. कण स्वरयंत्रापर्यंत पोचला तर दहावी ठसका लावते. तिसरी, चौथी, सहावी डोळे वळवतात, अकरावी मान फिरवायला मदत करते, बारावी जीभ बाहेर काढून हाशहुश करवते. उरली आठवी, ती कानाची; तिला या प्रकरणात शिंका ऐकण्यापलीकडे काम नाही.

यातली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. जिभेच्या पुढच्या भागाची गोड, खारट, आंबट, कडू ही चव सातव्या नसेचा एक बारीक धागा नेतो. हा धागा कानाच्या पडद्याआडून येतो आणि जिभेकडे जाताना पाचवीच्या शाखेला चिकटून, तिच्याच वेष्टनातून प्रवास करतो. वाट एक, पण वाहतूक वेगळी: चवीच्या धाग्यावर तिखट कधी चढत नाही. ते पाचवीच्या स्वतःच्या धाग्यांवरून, जिथून गरम चहाचा चटका किंवा दातदुखीची कळ जाते, तिथून जातं. शरीरशास्त्राच्या हिशेबात तिखट ही चव नव्हेच, तो चटका आहे. आणि चटका जिभेपुरता थांबत नाही, पाचवी जिथे जिथे पोचते तिथे तिथे लागतो. साखर डोळ्यात गेली तर गोड लागत नाही. मिरची डोळ्यात गेली तर तिखट लागतेच. दुसरा पुरावा कशाला हवा?

हे कळायला मात्र माणसाला फार वेळ लागला. दुसऱ्या शतकातल्या गेलनने डोक्यातल्या नसांच्या सात जोड्या मोजल्या होत्या. इंग्लंडमध्ये थॉमस विलिसने मेंदूच्या रचनेवरचा आपला ग्रंथ छापला आणि जोड्या नऊ ठरवल्या तो 1664 सालात; शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेच हे साल. बारा हा आकडा जर्मनीतल्या झ्योमरिंगने 1778 मध्ये दिला आणि तोच टिकला. पाचवी नस चेहऱ्याच्या संवेदनेची आणि चावण्याच्या स्नायूंची, सातवी चेहऱ्याच्या हालचालीची, ही फोड 1820च्या दशकात चार्ल्स बेल, माजांदी आणि हर्बर्ट मेयो यांच्या प्रयोगांतून आणि भांडणांतून पक्की झाली. मिरचीच्या बाजूने थ्रेशने 1876 मध्ये तिच्यातल्या रसायनाचे स्फटिक वेगळे करून त्याला कॅप्सेसिन हे नाव दिलं. दोनच वर्षांनी हंगेरीच्या होग्येशने दाखवलं की मिरचीच्या अर्काचा मारा मुख्यतः संवेदना नेणाऱ्या नसांवर होतो. शेवटचं टाळं उघडलं 1997 मध्ये. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने नसेच्या टोकावरचं ते द्वार शोधून काढलं, जे कॅप्सेसिन लागलं की उघडतं आणि 43 अंश सेल्सियसच्या आसपासच्या उष्णतेनेही उघडतं. या कामासाठी 2021च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी झाले. खानदेशात मे महिन्याच्या दुपारी पारा जिथे चढतो, तिथेच हे द्वार उघडतं. मिरची खाल्ल्यावर तोंड खरोखर भाजलेलं नसतं, भाजल्याची खोटी वर्दी मेंदूला गेलेली असते. पक्ष्यांच्या द्वाराला मात्र कॅप्सेसिन लागू पडत नाही. पोपट मिरची मिटक्या मारत खातो यात त्याचा पराक्रम काही नाही.

आता पहिला आक्षेप. तिखट ही चव नव्हे हे युरोपियन प्रयोगशाळेचं म्हणणं झालं. आपल्याकडे आयुर्वेदाने कटू हा सहा रसांपैकी एक मानला आहे, त्याचं काय? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचं उत्तर चरकसंहितेतच आहे. सूत्रस्थानात रसांची लक्षणं सांगताना कटू रसाची खूण अशी दिली आहे की तो जिभेवर पडताच टोचतो, दाह करतो आणि तोंड, नाक, डोळे यांना पाणी सोडायला लावतो. मधुर किंवा लवण रसाच्या लक्षणांत डोळे येत नाहीत. कटूला रसांच्या पंगतीत बसवताना त्या वैद्यांनी पाहिलं ते नेमकं पाचव्या नसेचं क्षेत्र होतं: जीभ, नाक, डोळा. वर्गवारी कोणतीही असो, निरीक्षण बिनचूक आहे. आणि ते निरीक्षण मिरचीचं नाही. चरकाच्या काळी मिरची हिंदुस्थानात नव्हतीच. होतं ते सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू. यांतली रसायनं वेगळी, पण मिरीतलं पाइपरिन आणि आल्यातली तिखट द्रव्यं त्याच द्वारावर थाप मारतात. म्हणजे मिरची यायच्या कितीतरी आधी हा दरवाजा इथल्या माणसाच्या ओळखीचा झालेला होता.

नंदुरबारच्या बाबतीत हे फार मोलाचं ठरतं. 1590च्या सुमारास अबुल फजलने लिहिलेल्या आईन-ए-अकबरीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातलं एक सरकार म्हणून येतं. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी व्यापारी वाट याच गावावरून जाई, म्हणजे समुद्रावरचा माल इथे आडवळणाने येत नव्हता. त्याच आईनमध्ये शाही मुदपाकखान्याच्या पाककृती आहेत. त्यांत मिरी, आलं, लवंग, दालचिनी आहे, मिरची नाही. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणलेलं हे झाड तोवर पश्चिम किनाऱ्यावर उतरलं असलं तरी बादशहाच्या ताटात पोचलं नव्हतं. पुढच्या दोन-अडीच शतकांत मात्र ते गरिबाच्या भाकरीवर पोचलं, आणि तिथून हललं नाही. मिरी मलबारात पिकते. खानदेशातल्या माणसाला ती हवी तर जहाज, बैल, जकात आणि चार हातांचा नफा एवढं सगळं तिच्या भावात यायचं. मिरचीचं बी एकदा हाती आलं की परसात, विहिरीच्या पाटावर ते उगवतं. पुढच्या साली बी घरचंच. नसेला जे हवं ते मिरीने श्रीमंताला दिलं, मिरचीने फुकटात सगळ्यांना. नवी चव शिकवावी लागते, अंगवळणी पाडावी लागते. इथे शिकवायला काही नव्हतंच. ओळखीच्या दारावर स्वस्तातला पाहुणा आला.

शिवाय भाकरीचं कारण आहे. सातपुड्यातला भिल्ल, पावरा असो की तापीकाठचा शेतकरी, त्याचं पोट ज्वारीच्या, मक्याच्या भाकरीवर. कोरडी भाकरी दुधा-तुपावाचून घशाखाली उतरवायची तर लाळ हवी. पाचव्या नसेने चटक्याची वर्दी दिली की सातवी आणि नववी लाळग्रंथींना पाझरवतात, आणि घास चावणारे जबड्याचे स्नायू तर पाचवीच्या खालच्या शाखेच्याच हुकमतीत. पाट्यावर रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, मीठ, असेल तर लसूण आणि शेंगदाणा: एवढ्याशा ऐवजावर दोन भाकरी जातात, त्यामागे ही सगळी यंत्रणा आहे. कळण्याच्या भाकरीबरोबर खुडा किंवा ठेचा ही खानदेशाची आवड मानली जाते. आवड आहेच, पण कोरड्या अन्नाची ती सोयही आहे.

इथे इतिहासाचा अभ्यासक मला अडवेल. नस तर सगळ्या माणसांना सारखीच. मग इंग्रज मिरची का खात नाही आणि खानदेशी का खातो? चालीरीतींचा खुलासा नसांनी करणं म्हणजे माणसाला यंत्र समजणं. यातला पहिला भाग मला मान्य आहे. नस फक्त शक्यता पुरवते, निवड करत नाही. निवड केली ती कोरडवाहू शेतीने, दारिद्र्याने, भाकरीने आणि तापीच्या काळ्या जमिनीने. पण दुसरा भाग मान्य नाही, कारण चालीरीती स्वतःच नसेचा आधार घेतात. दृष्ट काढण्याचंच पाहा. मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या. ठसका लागला तर काही नाही, मिरच्या जळूनही खाट उठली नाही तर दृष्ट जबर होती, असा निवाडा. हा निवाडा करणारं साधन म्हणजे घरातल्या माणसांची पाचवी आणि दहावी नस. मराठी वाचकाला मिरच्यांच्या धुरीची शिक्षाही नवी नाही. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या 1855च्या अहवालात डोळ्यांत मिरची घालण्याचे प्रकार नोंदलेले आहेत. आणि आज पोलीस गर्दी पांगवायला जो फवारा वापरतात त्यातला ऐवज मिरचीचा अर्कच. ताट, चूल, कोठडी आणि चौक, या चारही ठिकाणी मिरची एकाच नसेच्या भरवशावर वावरते.

व्यापाऱ्याचा आक्षेप निराळा असेल. बाजारात माल चाखून कोण घेतो? लिलावात पाहिला जातो तो रंग, ओलावा, डाग, देठ. फापडा, जरेला, शंकेश्वरी असे वाण नजरेने ओळखतात. म्हणजे भाव ठरवते ती दुसरी नस, पाचवी नव्हे. हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि रंगासाठीच विकत घेतली जाणारी ब्याडगीसारखी मिरची असते हेही खरं. तरी लिलावातली नजर शेवटी दुसऱ्या कोणाच्या तोंडासाठी काम करत असते. वाणावर भाव ठरतो कारण कोणता वाण किती झोंबतो हे आधीच ठाऊक असतं. रसायनाच्या यंत्रांआधी, 1912 मध्ये, विल्बर स्कोव्हिलने तिखटपणा मोजायची जी पहिली प्रसिद्ध रीत बसवली, तिच्यात मापक म्हणून माणसांची जीभच होती: अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि झोंबणं कधी थांबतं ते चाखणाऱ्याने सांगायचं. नंदुरबारच्या हाटातही पूड करणारा कारखानदार रंगाचा आणि तिखटाचा मेळ विकत घेतो. नुसता रंगच हवा असता तर बीट कमी लाल नव्हतं.

पण बाजाराच्या इतिहासात पथारीवरची नस कुठे आहे? शेतकऱ्याने आणलेली ओली मिरची व्यापारी घेतो, पथारीवर टाकतो, ती दिवसादिवसाने उलटीपालटी करावी लागते, मग देठ खुडून, प्रतवारी करून पोत्यांत भरायची. हे काम हाताचं, आणि हे हात बहुतेक आदिवासी स्त्रियांचे. डोक्यावरचा पदर नाकातोंडाभोवती घट्ट बांधलेला असतो, म्हणजे पाचवीच्या मधल्या आणि खालच्या शाखेला थोडा आडोसा मिळतो. वरची शाखा, डोळ्याची, उघडीच राहते, कारण डोळे बांधून देठ खुडता येत नाही. कॅप्सेसिन फळाच्या आतल्या पांढऱ्या गरात, बी जिथे चिकटलेलं असतं तिथे सर्वांत जास्त असतं. देठ मोडताना फळाचं टोपण फुटलं की ते बोटांना लागतं. बोटांच्या नसा पाठीच्या कण्यातून येतात, मेंदूतून नाही, पण द्वार तेच; म्हणून रात्री हात भगभगतात. पाण्याने धुऊन ते जात नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आणि त्याच हाताने घाम पुसताना, रडतं मूल घेताना ते डोळ्यांपर्यंत जातं, स्वतःच्या नाही तर मुलाच्या.

यावर ठरलेलं उत्तर असतं: त्यांना सवय झालेली असते. सवय होते, हे खोटं नाही. कॅप्सेसिनचा मारा सतत होत राहिला की नसेची टोकं मंदावतात; विसाव्या शतकाच्या मध्यात हंगेरीतल्या यांचोने हे प्रयोगांनी दाखवलं, आणि आज त्याच तत्त्वावर नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी कॅप्सेसिनचं मलम वापरतात. पण पथारीवर याचा अर्थ काय होतो ते पाहिलं पाहिजे. पाचवी नस डोळ्याची राखणदार आहे. बुबुळावर कण पडला की पापणी मिटते ती तिच्या वर्दीवर. राखणदार झोपला म्हणून घर सुरक्षित झालं असं कोणी म्हणत नाही. शिवाय सवय सगळीकडे सारखी होत नाही. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिरची कामगारांच्या एका अमेरिकी पाहणीत खोकल्याची तक्रार इतर कामगारांपेक्षा कितीतरी जास्त आढळली, म्हणजे दहाव्या नसेची सवय कामाच्या वर्षांनी झालेली नव्हती. खाणाऱ्याची सवय आणि खुडणारीची सवय या एकच गोष्टी नव्हेत. खाणारा आपल्या हाताने मात्रा ठरवतो, हवं तेव्हा थांबतो, ताक पितो. खुडणारीची मात्रा वारा ठरवतो आणि वेळ मुकादम.

हा माल तापी खोऱ्यातल्या ठिबकावर वाढतो, गुजरातच्या सीमेवरच्या गावांतूनही इथे येतो, आणि जिल्ह्याच्या नावाला त्याने ओळख दिली आहे. धुळ्यापासून वेगळं होऊन 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा झाला, तेव्हापासून मिरची त्याची ठळक ओळख राहिली आहे. पावसाने पथारी भिजली की नुकसानभरपाईची मागणी होते, आणि ती रास्तच असते. कोरड्या हंगामात पथारीवरच्या डोळ्यांचं आणि घशाचं काय होतं, हा प्रश्न त्या मागण्यांच्या यादीत असायला हरकत नाही. नंदुरबारला 2020 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मानवी डोक्यातल्या बाराही जोड्या हाताने सोडवून पाहतो, आणि परीक्षेसाठी पाचवीच्या तीन शाखा पाठ करतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या एका हंगामात त्याला पथारीवर न्यावं. बुबुळाची संवेदना कापसाच्या धाग्याने तपासता येते, खोकल्याची नोंद वहीत घेता येते; मोठं यंत्र लागत नाही. बाजार समिती आणि व्यापारी यांनी त्याआधीच बंद बाजूंचे चष्मे, हातमोजे, हात चोळायला तेल आणि साबण, आणि लहान मुलांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवायला एक छप्पर द्यावं. चष्म्यावर वाफ धरते, मोज्यांनी हात मंदावतो, असं कोणी म्हणेल. तसं असेल तर मजुरी वजनावर न देता दिवसावर द्यावी.